ग्राफिक डिझाइनची सुरुवात : बडोद्यातून वारंवार येणारे प्रश्न

आषाढ सरत आला की मंडळांचे बॅनर, नवरात्र जवळ आली की गरब्याचे पास, तुळशीचं लग्न झालं की पत्रिका. बडोद्यात डिझाइन शिकणाऱ्याचं वर्ष असं चालतं आणि प्रश्नही साधारण त्याच क्रमाने येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचा जो प्रश्न त्याने तेवढाच वाचला तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सगळे म्हणतात फोटोशॉप शीक. सुरुवात त्यानेच करू का?

आधी काम काय करायचंय ते ठरवा. फोटो उजळणं, पार्श्वभूमी कापणं, दोन फोटो एकत्र बसवणं ही ठिपक्यांची कामं. त्यांना फोटोशॉप, गिंप किंवा फोटोपी लागतं. लोगो, पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी ही रेषांची कामं. इथे रेषा गणिताने साठवलेली असते, त्यामुळे दोन इंचांची आकृती दहा फुटांवर नेली तरी कडा फाटत नाहीत. त्यासाठी इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केप.

आपल्याकडे नवशिक्याच्या हाती येणारं बहुतेक काम दुसऱ्या प्रकारचं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : इंकस्केपने सुरुवात करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, पैसे लागत नाहीत. पेन टूल, नोड (रेषेवरचे पकडबिंदू) आणि आकार एकमेकांतून कापणं-जोडणं एकदा हातात बसलं की उद्या कोरलवर बसायची वेळ आली तरी अडत नाही. फोटोचं काम पडेल तेव्हा गिंप शिकालच. दोन्ही एकदम उघडून बसू नका.

२. फुकट सॉफ्टवेअर म्हणजे खरंच फुकट का? पुढे पैसे मागतात ना?

तीन प्रकार आहेत. इंकस्केप, गिंप, क्रिटा (चित्रं रंगवायला) आणि स्क्रायबस (पानांची मांडणी करायला) हे मुक्त सॉफ्टवेअर. यांची मूळ संहिता खुली आहे, पैसे घेऊन केलेल्या कामालाही ते वापरता येतं आणि उद्या कुणी बिल पाठवणार नाही. दुसरा प्रकार मालकीचा, पण फुकट मिळणारा. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि बाजूला जाहिराती दाखवतं. अफिनिटी पूर्वी विकत घ्यावं लागे. त्याची कंपनी २०२४ मध्ये कॅन्व्हाने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते कॅन्व्हाच्या खात्यावर मोफत मिळतं. चांगलं आहे, फक्त मालकाचं धोरण बदललं तर आपल्या हातात काही नसतं. तिसरा प्रकार अर्धवट फुकट : कॅन्व्हा, फिग्मा. दार उघडं, आतली काही कपाटं बंद.

आणि एक चौथा, ज्याबद्दल लोक हळू आवाजात विचारतात : क्रॅक, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून केलेली चोरटी प्रत. त्याची गरज उरलेली नाही. शिवाय अशा फाइलींबरोबर काय काय येतं ते ज्यांचा सगळा डेटा गेला त्यांना विचारा.

३. कॅन्व्हावर सगळं होतं की. मग बाकीचं शिकायचं कशाला?

वाढदिवसाची पोस्ट, शाळेची सूचना, स्टोरी यासाठी कॅन्व्हा उत्तम, त्यात कमीपणा काही नाही. अडचण दोन ठिकाणी येते. मोफत खात्यात पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एसव्हीजी (रेषांची) फाइल आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतली पीडीएफ मिळत नाही. स्वतःचा फॉन्ट चढवणंही पैसे भरणाऱ्यांनाच. छपाईसाठी नेमकं हेच लागतं (प्रश्न ११ आणि १२). दुसरी अडचण डोळ्याची. तयार साच्यात नाव बदलत राहिलं तर ते अक्षर तिथे का ठेवलंय, रिकामी जागा का सोडलीय, हे कधी कळत नाही. त्याच साच्यातला तोच बॅनर शेजारच्या गल्लीतही लागलेला असतो, ते वेगळंच.

४. लॅपटॉप जुना आहे, भावाकडे तर फक्त मोबाइल आहे. जमेल का?

लॅपटॉपवर ४ जीबी रॅम असेल तरी इंकस्केप चालतं. मोठे फोटो आणि गिंप एकत्र उघडले की मात्र ८ जीबी हवी असं वाटायला लागतं. फोटोपी ब्राउझरमध्ये चालत असलं तरी फाइल कुठे वर जात नाही, ती आपल्याच यंत्रावर राहते. ग्राहकाचे घरचे फोटो असतील तर हे महत्त्वाचं. महागड्या टॅब्लेटआधी एक साधा माउस घ्या, टचपॅडवर पेन टूल शिकणं म्हणजे छळ आहे.

मोबाइलवर मराठी-गुजराती बॅनरवाले बहुतेक पिक्सेलॅब वापरतात. त्यात टीटीएफ फॉन्ट घालता येतात आणि त्याची मूळ कामाची पीएलपी फाइल जपून ठेवली की नंतर नाव-तारीख बदलता येते. दुसऱ्याच्या पीएलपी फाइली फुकट वाटल्या जातात, त्या उघडून थर (लेयर) कसे रचलेत ते बघणं ही चांगली शिकवणी आहे. पण निघतं ते ठिपक्यांचं चित्र. आकार आधीच मोठा ठरवला नसेल तर फ्लेक्सवर नातवाचा चेहरा विटांचा दिसतो.

५. शिकायचं कुठून? इंग्रजी व्हिडिओ भराभर पुढे जातात.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. इंकस्केप आणि गिंपचे छोटे छोटे धडे, आणि ते मराठी व गुजराती दोन्ही आवाजांत मिळतात. पडद्यावरची आवृत्ती जुनी दिसेल, एखादं बटण जागेवर नसेल, पण धडा थांबवत थांबवत सोबत करायची त्यांची पद्धत नवशिक्याला मानवते. इंकस्केपच्या स्वतःच्या मदत-मेन्यूतही धडे आहेत. ते इंकस्केपमध्येच उघडतात आणि त्यातल्या आकृत्या तिथल्या तिथे ओढून बघता येतात. डिझाइनचा विचार समजून घ्यायला आयआयटी मुंबईचंच डी'सोर्स बघा, तिथे अक्षरं, रंग, हस्तकला यांवर भरपूर मोफत साहित्य आहे.

खेळत शिकायचं असेल तर दोन नावं : पेन टूलसाठी 'द बेझिए गेम' आणि अक्षरांमधल्या अंतरासाठी 'कर्न टाइप'. दोन्ही ब्राउझरमध्ये, दोन्ही फुकट.

यापेक्षाही उपयोगी पडणारी एक गोष्ट सांगतो. घरात आलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या आणि ती इंकस्केपमध्ये जशीच्या तशी पुन्हा रचा. समास मोजा, 'श्री'चा आकार मोजा, मुलाच्या नावात आणि 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव' या ओळीत किती फरक ठेवलाय ते बघा. व्हिडिओ बघताना जे सोपं वाटतं ते इथे हाताला कळतं. मग दांडिया बाजार ते मांडवी चालत जा आणि जुन्या पाट्यांचे फोटो काढा. हाताने रंगवलेली देवनागरी आणि गुजराती अक्षरं अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत.

६. चांगले मराठी फॉन्ट कुठे मिळतील, आणि ते कामात वापरले तर चालतात का?

गुगल फॉन्ट्सवरून घ्या. तिथले जवळपास सगळे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत : छापा, लोगोत वापरा, पैसे घेऊन केलेल्या कामात वापरा. फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकायची नाही, एवढंच. इतर संकेतस्थळांवरच्या फॉन्टखाली 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय दुकानाच्या पाटीला लावू नका.

नव्याने सुरू करणाऱ्याला चार-पाच फॉन्ट पुरे. मजकुरासाठी मुक्ता, त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत. मथळ्याला बालू, गोल आणि गुबगुबीत, मुलांच्या कार्यक्रमाला छान. शोकसभेच्या फलकावरही पाहिलाय, तो मोह टाळा. उंच, ताठ आणि कमी जागेत बसणारं अक्षर हवं तर खांड किंवा तेको. हस्ताक्षराचा भास हवा तर कलम. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन कार्यक्रमाच्या नावाला शोभतो, परिच्छेदाला नाही. पुस्तकी, शांत मजकुराला टिरो देवनागरी मराठी. त्याच्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

७. एकाच बॅनरवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी हवं असतं. काहीही केलं तरी तिन्ही वेगवेगळ्या घरची दिसतात. काय करू?

हा खास आपल्या गावचा प्रश्न. पुण्याच्या व्हिडिओत याचं उत्तर मिळत नाही.

पहिला उपाय : एकाच कुटुंबातले फॉन्ट घ्या. मुक्ताचा गुजराती भाऊ म्हणजे मुक्ता वाणी. बालूचा गुजराती अवतार बालू भाई. हिंद नावाच्या फॉन्टचा गुजराती साथी तर आपल्याच शहराच्या नावाचा आहे, हिंद वडोदरा. नोटो सान्समध्ये देवनागरी आणि गुजराती दोन्ही आहेत. या सगळ्यांत इंग्रजी अक्षरंही त्याच हाताची असतात. पॉपिन्समध्ये देवनागरी आहे पण गुजराती नाही, त्यामुळे देखणा असला तरी इथल्या कामात अर्ध्यावर सोडतो.

दुसरा उपाय आकाराचा. देवनागरीला शिरोरेषा असते, गुजरातीला नसते. दोन्ही ३० पॉइंटला ठेवले तरी मराठी ओळ काळी आणि जड दिसते, गुजराती ओळ मोकळी आणि जरा लहान वाटते. आकडे जुळवत बसू नका, डोळ्याने जुळवा. गुजराती थोडी मोठी करा किंवा एक वजन जाड घ्या. पडद्यापासून चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करा. कुठली ओळ आधी दिसते? तिन्ही सारख्या महत्त्वाच्या असतील तर तिन्हींचा काळेपणा सारखा वाटला पाहिजे.

तिसरी गोष्ट ओळींमधली जागा. सॉफ्टवेअरचं आपोआप अंतर रोमन लिपीच्या हिशोबाने असतं. 'हार्दिक शुभेच्छा' खाली 'सार्वजनिक गणेशोत्सव' आलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-वेलांट्या एकमेकांत शिरतात. देवनागरीच्या परिच्छेदाला अक्षराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करा आणि मग कमी-जास्त करा. मथळ्याच्या दोनच ओळी असतील तर प्रत्येक ओळ वेगळी ठेवून हाताने सरकवलेली बरी. कुठे उकार आहे आणि कुठे नाही ते बघून ओळ वर घेता येते, सॉफ्टवेअरला ते कळत नाही.

अक्षरांमधलं अंतर मात्र देवनागरीत वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात पसरलेली अक्षरं छान दिसतात, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. गुजरातीत थोडं चालून जातं.

८. टाइप केल्यावर जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट खराब आहे का?

बहुधा फॉन्ट नाही, सॉफ्टवेअरची मांडणी. इंकस्केप आणि गिंपमध्ये ही तक्रार सहसा येत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत पसंतींमधल्या (प्रेफरन्सेस) 'टाइप' भागात जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा आणि नवी फाइल उघडा. नव्या आवृत्त्यांत हे बरंचसं आपोआप होतं. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या पसंतींत भारतीय भाषांचे पर्याय दाखवायची खूण करा आणि पॅरॅग्राफ पॅनेलच्या मेन्यूत कंपोझर बदला. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅरॅग्राफ कंपोझर'. स्क्रायबसची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, १.४ मध्ये देवनागरी नीट बसत नाही. कोरलच्या फार जुन्या आवृत्त्यांना युनिकोड, म्हणजे आजच्या पद्धतीची देवनागरी झेपत नाही, तिथे प्रश्न ११ मधला मार्ग धरा.

९. जुन्या पत्रिकेचं मॅटर ईमेलने आलं, उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल बिघडली का?

फाइल ठीक आहे. ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा गुजरातीतल्या एलएमजी अरुणसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट यंत्रावर नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. 'कन्व्हर्टर' शोधा, पण ज्या फॉन्टचं मॅटर त्याच फॉन्टचा. बदलून आलेला मजकूर मूळ छापील कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. रफार, अर्धा र आणि आकडे इथे हमखास घसरतात. पानभरच मॅटर असेल तर सरळ पुन्हा टाइप करा, वेळ वाचतो.

१०. माझ्या बॅनरवरचे 'ल' आणि 'श' हिंदी पुस्तकातल्यासारखे का दिसतात?

कारण बऱ्याच फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळण बसवलेलं असतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा 'मराठी' अशी सांगितली तर काही सॉफ्टवेअर ते बाहेर काढतात. गंमत म्हणजे हे फॉन्टमध्ये असतं, सॉफ्टवेअरमध्येही असतं, आणि तरी दोघांची भेट होत नाही. झंझट नको असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. त्याच्या हिंदी आणि संस्कृत आवृत्त्या वेगळ्या आहेत, नाव बघून उतरवा. सगळेच ग्राहक याकडे बघत नाहीत, पण दांडिया बाजारातले एखादे निवृत्त शिक्षक नक्की बघतील.

याच्याच जोडीला 'ऱ्य'. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे. 'कार्यकर्त्यांच्या वाऱ्या' लिहिताना पहिल्याला रफार, दुसऱ्याला तो आडवा अर्धा र. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' वेगळा आहे, त्याला हलन्त आणि पुढे 'य'. फॉन्ट निवडतानाच 'दऱ्या', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' टाइप करून बघा. तिथे अडखळला तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही.

११. छपाईवाला म्हणतो 'कोरलची फाइल आणा, कर्व्ह करून'. माझ्याकडे कोरल नाही. आता?

घाबरू नका, त्याला सीडीआर (कोरलची स्वतःची फाइल) हवी असतेच असं नाही. त्याला हवी असते न बिघडणारी फाइल. काउंटरवर काय होतं ते समजून घ्या. तुमची फाइल तो त्याच्या जुन्या कोरलमध्ये उघडतो, 'फॉन्ट सापडला नाही' अशी खिडकी येते, मागे चार माणसं उभी असतात, तो 'ओके' दाबतो, आणि 'श्रीमंत'चं काहीतरी भलतंच होऊन छापलं जातं. 'कर्व्ह करून आणा' हे त्यावरचं उत्तर आहे : अक्षरांच्या आकृत्या करून आणा, म्हणजे फॉन्टची गरजच नको.

इंकस्केपमध्ये असं करा. मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण एकदा आकृत्या झाल्या की तारीख बदलता येत नाही. मग प्रतीमध्ये सगळं निवडून 'पाथ' मेन्यूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा. किंवा पीडीएफ साठवताना जी खिडकी येते तिथेच मजकूर पाथमध्ये बदलण्याचा पर्याय निवडा. ती पीडीएफ कोरलमध्ये उघडते. सोबत एक जेपीजी द्या, फक्त 'असं दिसायला हवं' हे दाखवायला.

रावपुऱ्यात असो की मांजलपुरात, काम सुरू करण्याआधीच छपाईवाल्याला तीन गोष्टी विचारा : कुठली फाइल चालेल, कटिंगसाठी किती सोडायचं (साधारण ३ मिमी चहूबाजूंनी), आणि छपाई ऑफसेटवर, डिजिटलवर की स्क्रीनवर. स्क्रीन प्रिंटिंगच्या पत्रिकेत प्रत्येक रंगाला वेगळा पडदा लागतो. तिथे फिकट होत जाणारी छटा देऊन आलात तर तो प्रेमाने परत पाठवेल. फाइल पेन ड्राइव्हने किंवा ईमेलने द्या. व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून, फोटो म्हणून नाही.

१२. पडद्यावर झगझगीत भगवा होता, छापून विटकरी आला. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, कागद सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई घेतो. प्रकाशातले काही रंग शाईत नसतातच. झगझगीत भगवा, पोपटी आणि विजेरी निळा हे नेहमीचे बळी.

भगवा शाईतच ठरवा : पिवळा १००, मॅजेंटा ६० ते ७०, सायन आणि काळा शून्य. सायनचा थेंबही पडला की रंग मळतो. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवा. चारही शाया मिळून काळा केला तर छपाई केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत कड दिसते. इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत काम करतं, त्यामुळे पुस्तिका किंवा पत्रिका असेल तर शेवटची मांडणी स्क्रायबसमध्ये करून सीएमवायके पीडीएफ काढा. चित्रासाठी क्रिटात सीएमवायके आहे. फ्लेक्सचं यंत्र स्वतःच रंग बदलून घेतं, तिथे एवढी काळजी नको, पण एक फुटाचा नमुना मागायला लाजू नका.

१३. कुठल्या कामाला किती आकार ठेवायचा?

व्हिजिटिंग कार्ड ३.५ × २ इंच, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०५० × ६०० पिक्सेल, कटिंगची जागा वेगळी. ए४ पान २४८० × ३५०८. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० × १३५०, स्टोरी १०८० × १९२०. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला ३०० डीपीआय मागू नका, यंत्र गोठेल. लांबून बघायचं असल्याने ७२ पुरे, म्हणजे ८६४० × ६९१२. आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) ठोकायला कडेने चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर अध्यक्षांच्या नावातून दोरी जाते.

१४. गुगलवर सापडलेला फोटो घेतला तर चालतो का?

गुगल फक्त शोधून देतं, फोटो कुणाचा तरी असतो. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे इथले फोटो कामात मोफत वापरता येतात, नाव देण्याची सक्ती नाही. फक्त फोटोतल्या ओळखू येणाऱ्या माणसाने तुमच्या दुकानाच्या जाहिरातीला होकार दिलेला नसतो, हे ध्यानात ठेवा. फ्रीपिक आणि फ्लॅटआयकॉनच्या मोफत खात्यात श्रेय द्यावं लागतं. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली त्याचा परवाना लिहिलेला असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून लाखो चित्रं पूर्ण मोकळी केली आहेत, जुन्या नक्षीकामासाठी तो खजिना आहे.

१५. राजा रविवर्म्याची सरस्वती किंवा लक्ष्मी पत्रिकेवर वापरता येईल का?

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तेव्हा त्यांची चित्रं कधीच मोकळी झाली आहेत. सयाजीरावांनी त्यांच्याकडून करवून घेतलेली चित्रं बडोद्यातच आहेत, पण फाइल मात्र विकिमीडिया कॉमन्सवरून मोठ्या आकाराची घ्या, फोनवरून काढलेल्या फोटोत चकाकी येते. सावध कुठे राहायचं? त्याच धाटणीच्या नंतरच्या कॅलेंडरांवरच्या देवदेवता दुसऱ्या चित्रकारांच्या असतात, आणि अलीकडे कुणी त्या मूळ चित्रात रंग-दागिने भरून केलेली आवृत्ती त्याची नवी कलाकृती असू शकते.

१६. मंडळाच्या पावतीपुस्तकावर अशोकस्तंभ टाकायला सांगतात. टाकू?

नको. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि नावं व बोधचिन्हांबद्दल १९५० चा. नगरसेवकांनी सांगितलं तरी नको. बँकेचा किंवा प्रायोजकाचा लोगो त्यांच्याकडूनच मागवा, त्यांच्या संकेतस्थळावरून कापून घेतलेला छोटा लोगो फ्लेक्सवर ओळखूही येत नाही.

१७. कॅन्व्हात केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येईल का?

त्यातल्या तयार चित्रांनी किंवा साच्याने केलेला असेल तर नाही, त्यांच्या अटींतच तसं आहे. तीच पणती उद्या दुसऱ्या फरसाणवाल्यानेही घेतली तर त्याला अडवता येत नाही. साधे आकार, साध्या रेषा आणि खुला फॉन्ट वापरून स्वतः रचलेला असेल तर गोष्ट वेगळी. लोगो इंकस्केपमध्ये करा म्हणतो ते यासाठीही.

१८. एआयने बॅनर करून घेतला तर?

पार्श्वभूमी, कल्पना, रंगसंगती यासाठी घ्या. देवनागरी अक्षरं मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. लांबून मराठी वाटतात, जवळ गेलं की 'शुभेच्छा'त एक काना जास्त असतो. मजकूर नेहमी स्वतः, खऱ्या फॉन्टमध्ये बसवा.

१९. मुलगी बारावीला आहे, फाइन आर्ट्सला जायचं म्हणते. आत्ताच सॉफ्टवेअरचा क्लास लावू का?

सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासूनची, उपयोजित कला तिथे शिकवतात. अहमदाबादची डिझाइन संस्था एनआयडी १९६१ ची, आणि आयआयटीतल्या डिझाइनसाठी आयआयटी मुंबई युसीड परीक्षा घेते. यांपैकी कुठेही आधी बघतात ती चित्रकला, निरीक्षण आणि विचार. सॉफ्टवेअर आत गेल्यावर शिकता येतं. तिला वही देऊन कमाटीबागेतल्या संग्रहालयात पाठवा, फॅकल्टीचं वार्षिक प्रदर्शन दाखवा, गरब्यातल्या माणसांची झटपट रेखाटनं करायला सांगा. इंकस्केप सुट्टीत, प्रश्न ५ मधल्या धड्यांवरून.

२०. पैसे दिल्यावर ग्राहक मूळ फाइल आणि 'सगळे हक्क' मागतो. द्यायचे का?

आधी ठरलं असेल तर द्यायचे, नसेल तर ठरवून द्यायचे. लोगोच्या कामात एसव्हीजी, पीडीएफ, पारदर्शक पीएनजी, एकरंगी आवृत्ती आणि फॉन्टचं नाव एवढं ग्राहकाला मिळायलाच हवं. थरांची मूळ फाइल हा वेगळा विषय, तिचा दर वेगळा सांगा.

हक्कांचं मात्र तोंडी चालत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. त्यात कालावधी लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ग्राहकाला कायमचे आणि जगभरासाठी हवे असतील तर तसं स्पष्ट लिहायला सांगा आणि रक्कम त्याप्रमाणे घ्या. नोकरीत असताना मालकासाठी केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाचंच असतं. तिथून निघताना फाइली सोबत नेऊ नका. आपल्या कामांच्या संग्रहात दाखवायची परवानगी मात्र तेवढी मागून घ्या.